आर्वोचा रूळ

ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याने इथेच थांबावं. कुणाची मनधरणी करायची मला सवय नाही.

पण हे घडलेलं आहे. माझ्या धक्क्यावर, माझ्या सुनेच्या बाबतीत घडलेलं आहे. ओलं फडकं पिळावं तसं मी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा पिळून घेतलंय. दर वेळी तेच निघालं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.

गावची लोखंडाची खाण बंद पडली, तो उन्हाळा. युहान्नुसची संध्याकाळ, म्हणजे वर्षातली सगळ्यात लांब संध्याकाळ. जागा आल्माचं तळं, मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला.

आल्माचं पाणी असं नितळ की धक्क्यावरून सुई पडली तरी तळाशी दिसते. पण धक्क्यापासून थोडं पुढे गेलं की खडक एकदम तुटतो. मग तळच नाही. नुसतं काळं. आणि भर उन्हाळ्यात हाडं गोठतील असं गार.

एवढ्या गार पाण्यात बुडालेलं माणूस वर येत नाही.

माझा थोरला आला नाही. आर्वो.

त्याची होडी सापडली. टोपी सापडली.

तो नाही.

आता रुळाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे तळ्यावर जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा स्वतःचा रूळ असतो. खाणीतल्या गाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. ज्याने त्याने आपापला कापून आणायचा आणि धक्क्याच्या खांबाला तारेने टांगायचा. कुणाचा आखूड, कुणाचा लांब. त्यामुळे प्रत्येकाचा आवाज वेगळा. धुकं पडलं की घरच्या बाईने हातोडा घेऊन टोल द्यायचे. होडीतल्याने मोटर बंद करायची, कारण मोटरच्या आवाजात टोल ऐकू येत नाही. वल्हं होडीच्या काठावर आपटून उत्तर द्यायचं आणि टोलाच्या रोखाने वल्हवत यायचं.

उत्तराचे ठोकेसुद्धा ज्याचे त्याचे. माझ्या धाकट्याचे, रेनोचे, दोन.

आर्वोचे तीन. दोन लागोपाठ... आणि जरा थांबून एक.

माणूस धक्क्याला लागेपर्यंत बाईने हात थांबवायचा नाही.

आणि ज्याला तळ्याने नेलं, त्याचा रूळ उतरवायचा. त्याच्याच सदऱ्यात गुंडाळायचा, बाह्यांची गाठ मारायची आणि साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर ठेवून द्यायचा. तो पुन्हा वाजवायचा नाही. कधीच नाही.

का, ते माझ्या आईने मला सांगितलं नव्हतं. मीही सुनेला सांगितलं नाही. विचारलं होतं तिने. मी म्हटलं, "तुला चूल पेटवता यायला लागली की सांगेन."

सून म्हणजे डोरीन. दुलुथची, शहरातली. मासा कापायच्या आधी त्याची माफी मागायची. मी तिला बोलले नाही असा दिवस गेला नाही. पण पोर वाईट नाही. तिच्या तोंडावर मी हे म्हणणार नाही, ते वेगळं.

त्या संध्याकाळी सगळा काठ रिकामा होता. युहान्नुसला गावच्या हॉलपुढे मोठा जाळ पेटवतात. रात्रभर अकॉर्डियन, नाच, कॉफी. माझा भाऊ वाल्फ्रिड ट्रक घेऊन आला आणि मला घेऊन गेला. हॉलच्या कॉफीचं मीच बघते. दुसरीच्या हातात दिली की तिचं गढूळ पाणी होतं. डोरीनचे दिवस भरत आले होते. ट्रकचे हादरे नकोत, म्हणून ती घरी राहिली. तिच्या सोबतीला रेनो राहिला.

राहिला म्हणजे काय, घरात नाही राहिला. वॉलायच्या दिवसांत आमचे पुरुष घरात राहत नाहीत. वॉलाय मासा उजेडाला भितो. एवढ्या स्वच्छ पाण्यात दिवसभर तो खोल जाऊन बसतो, आणि ऊन कललं की कड्यावर चरायला येतो. संध्याकाळचा तो एक पहर त्याचा, आणि आमच्या माणसांचा.

"एक फेरी मारून येतो," रेनो म्हणाला. हातात गळाला लावायच्या जळवांचा डबा होता. "उद्या सगळे इथेच जेवायला आहेत. आईने रिकामी कढई बघितली तर काय बोलेल?"

"भरलेली बघूनसुद्धा बोलतील," डोरीन म्हणाली.

(हे तिनेच मला सांगितलं. धीट झालीय आता.)

"आणि तो डबा माझ्या कॉफीच्या डब्याशेजारी ठेवत जाऊ नकोस. सकाळी झाकण उघडलं तर आत वळवळ."

"मग? साखर घातलीस की नाही?"

"जा तू."

"जातो."

"आणि परत ये."

"कॉफी गार व्हायच्या आत," तो म्हणाला, आणि मोटर सुरू करून गेला.

डोरीनने साउनात लाकडं सारली. तो आला की त्याला गरम वाफ मिळावी म्हणून. वेलदोड्याचा पाव कापला. मग पायरीवर सूज आलेले पाय पसरून बसली.

दोन दिवस पाऊस पडून गेला होता. हवा उबट आणि चिकट. खाली पाणी बर्फासारखं.

रोज त्या वेळी लून पक्षी ओरडतात. एक या काठाला, एक त्या काठाला. इतके ओरडतात की शहरातली पाहुणी माणसं घाबरून उठतात.

डोरीनच्या लक्षात आलं...

लून ओरडत नव्हते.

एकही नाही. कधी थांबले तेही तिला आठवेना.

तिने मान वर केली. समोरचा काठ नव्हता.

तळ्यावर पांढरी भिंत उभी होती. ती हलत नव्हती असं वाटावं इतकी हळू सरकत होती. पाहता पाहता धक्क्याचं टोक गेलं. मग मधला खांब गेला.

डोरीन उठली. पोट सांभाळत धक्क्यावर गेली. हातोडा काढला. रेनोच्या रुळावर टोल दिला.

ठण्ण...

धुक्याने आवाज गिळला. ती थांबली. कान देऊन ऐकत राहिली.

आणि लांबून, फार लांबून...

टक्. टक्.

दोन! तिच्या जिवात जीव आला. ती हसली सुद्धा. "कॉफी गार झाली, मेल्या!" असं ओरडली. पुन्हा टोल दिला. पुन्हा दोन ठोके. थोडे जवळून.

पुन्हा टोल. पुन्हा दोन.

चौथा घाव घातला आणि वरची तार तुटली.

रूळ धक्क्याच्या फळीवर आपटला, घरंगळला आणि पाण्यात गेला.

डोरीन तिथेच गुडघ्यांवर बसली. खाली पाहिलं. वर धुकं होतं, पण पाणी तसंच नितळ. रूळ तिला दिसत होता. पांढऱ्या वाळूवर आडवा पडलेला, हात घातला तर लागेल असा.

आल्माच्या पाण्यात सगळं तसंच दिसतं. हाताशी. तो रूळ तीन पुरुष खोल होता.

टक्. टक्.

रेनो विचारत होता. कुठे गेलीस?

आता ऐका, ती एवढी का घाबरली ते. आल्मा दक्षिणेकडे निमुळतं होत जातं आणि तिथून धबधब्यात पडतं. पाऊस झाला की पाण्याला त्या बाजूची ओढ लागते. वल्हवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. नांगर टाकावा तर तळ लागत नाही. आणि धुक्यात धबधब्याचा आवाज चहूबाजूंनी येतो. माणूस त्याच्यापासून पळतोय असं समजून त्याच्याकडेच जातो.

आर्वोचं तसंच झालं असं सगळे म्हणतात.

डोरीन धावत घरात गेली. दिवस भरलेल्या बाईने धावू नये, पण धावली. सगळ्यात मोठी कढई आणली आणि हातोड्याने बडवली. कढईचा आवाज कर्कश आणि पातळ. तो धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन मेला.

"रेनो!"

टक्. टक्.

आवाज उजवीकडे सरकला होता.

उजवीकडे म्हणजे दक्षिणेला.

"रेनो, इकडे! रेनो!"

घसा फाटेस्तोवर ओरडली. शेजारी कुणी नव्हतं. सगळे जाळापाशी नाचत होते. ट्रक नाही. दुसरी होडी उलटी घालून ठेवलेली, तिच्या तळाला भोक. ती तसल्या होडीतसुद्धा गेली असती, पण ती सुलटी करायला दोन पुरुष लागतात.

टक्. टक्.

आणखी उजवीकडे. आणखी बारीक.

तेव्हा तिला साउनाचा माळा आठवला.

ती म्हणते, "आई, तुमचा आवाज माझ्या कानात होता. वाजवायचा नाही, कधीच नाही. आणि मी शिडी लावत होते."

माळ्यावर गरम हवा कोंडली होती. अंधारात तिने हात फिरवला. बर्चच्या डहाळ्यांच्या वाळलेल्या जुड्या. जुनी जाळी. मग जाड कापड. आत लोखंड.

आर्वोचा लाल चौकड्यांचा सदरा.

बाह्यांची गाठ तिला सुटेना. ती जाळ्याची गाठ आहे. ओढली की घट्ट होते. तिने दातांनी सोडवली. ती म्हणते, सदऱ्याला तळ्याचा वास होता. चार उन्हाळे तापलेल्या माळ्यावर पडलेला सदरा, आणि त्याला ओल्या शेवाळाचा वास.

रूळ तिने पोटाशी धरून उतरवला. धक्क्यावर आणला. सदरा फळीवर टाकला. खांबाला गुरफटलेली उरलेली तार ओढून बांधली. हात रक्ताळले. हातोडा उचलला.

एक क्षण थांबली.

मग मारला.

ढण्ण...

रेनोच्या रुळापेक्षा जाड आवाज. खालचा. छातीत घुमणारा. मला तो आवाज झोपेतही ओळखू येईल.

टोल धुक्यात लांबवर गेला.

मग काही नाही.

धबधब्याची घरघरसुद्धा थांबल्यासारखी झाली.

आणि...

टक्-टक्.

टक्.

तीन.

लांबून नाही. धक्क्याच्या टोकाच्या जरासं पलीकडून. दगड टाकला तर लागेल इतक्या जवळून.

"कोण आहे?" ती म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

तिथे होडी नव्हती. पाणी हललं नव्हतं.

मग दक्षिणेकडून, दोऱ्याएवढा बारीक...

टक्. टक्.

रेनो! टोल त्याला ऐकू गेला होता.

आता बघा त्या पोरीवर काय वेळ आली. हात थांबवावा तर नवरा धबधब्यात जातो. वाजवत राहावं तर... जे जवळ आहे, ते आणखी जवळ येतं.

तिने वाजवलं.

ढण्ण...

टक्-टक्. टक्.

धक्क्याच्या टोकाशी.

ढण्ण...

टक्-टक्. टक्.

मधल्या खांबाशी. खांब हलला. तिने पाहिला.

ती रडत होती, पण हात चालू होता. दर टोलानंतर ती दक्षिणेकडे कान लावायची. दोन ठोके यायचे, पण जवळ येत नव्हते. तो वल्हवत होता, पण पाणी त्याला मागे ओढत होतं.

ढण्ण...

या वेळी तीन ठोके आले ते तिच्या पायाखालून.

फळीच्या खालच्या बाजूने. तिच्या तळव्यांना ते लागले.

टक्-टक्.

टक्.

डोरीन आर्वोला एकदाच भेटली होती. लग्न ठरायच्या आधी, एका नाताळात. ती टोकदार शहरी बूट घालून बर्फातून आली होती. आर्वो पोट धरून हसला. "ह्या चिमणीचे पाय इथेच गळून पडतील," म्हणाला. आणि मग त्याने आपले लोकरीचे मोजे काढून तिला दिले. संध्याकाळभर स्वतः अनवाणी फिरला.

तसा होता माझा आर्वो.

तिला तेच आठवलं. ती फळीवर गुडघे टेकून, फटीला तोंड लावून बोलली.

"आर्वो... तू आहेस ना?"

खाली पाणी चुबकलं.

"तो तिकडे आहे. रेनो तिकडे आहे, त्याला रस्ता सापडत नाही. माझं पोट बघ. मला जाता येत नाही. तू त्याला आण. तुला तळं माहीत आहे. त्याला आण, आर्वो. मी वाजवत राहते. तुम्ही दोघं येईपर्यंत हात थांबवणार नाही. शप्पथ."

मग फटीतून गार हवा आली. तळातून यावी तशी. तिच्या ओठांना लागली.

आणि पायाखालचं जे होतं, ते गेलं.

ती उठली. वाजवत राहिली. खांदे भरून आले. पोटात कळा यायला लागल्या. तिने दात ओठांत रुतवले, पण थांबली नाही.

ढण्ण...

तीन ठोके. आता दूर. दक्षिणेच्या वाटेवर.

ढण्ण...

तीन ठोके, आणि त्यांच्या मागे दोन. दोन्ही एकाच ठिकाणाहून.

ढण्ण...

टक्-टक्. टक्.

टक्. टक्.

पुढे तीन, मागे दोन. येत होते. दोघं येत होते.

धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. रेनोचं. तो उभा होता, घामाने आणि धुक्याने चिंब, हातांची सालटं निघालेली. त्याने दोर फेकला. उडी मारून धक्क्यावर आला आणि तिला मिठीत घेतलं. तिचं पोट मध्ये आलं तसे दोघंही रडता रडता हसले.

"धबधब्याचे तुषार माझ्या तोंडावर उडाले गं," तो म्हणाला. "इतका जवळ गेलो होतो. तू कुणाला पाठवलंस? वाल्फ्रिडमामा परत आलेत का?"

"कुणाला म्हणजे?"

"माझ्या पुढे होता ना एकजण. ठोके देत. मी नुसता मागे मागे आलो. धुक्यात फक्त त्याची पाठ दिसायची. मी हाका मारल्या, पण त्याने वळून बघितलं नाही." रेनोने मागे पाहिलं. "कुठे गेला? माझ्या आधी लागायला हवा होता."

"त्याने... घातलं काय होतं?"

"लाल चौकड्यांचा सदरा."

डोरीनने खाली पाहिलं. जिथे तिने सदरा टाकला होता, ती फळी रिकामी होती.

ओली होती.

तेवढ्यात रेनोची नजर खांबाकडे गेली. त्याने रूळ ओळखला.

"हा कुणाचा वाजवलास?"

"तुझा पाण्यात पडला. मी काय करू? तू चालला होतास, रेनो. मी काय करू?"

तो काही बोलायच्या आत धुक्यातून आलं.

टक्-टक्.

टक्.

जवळून नाही, लांबून नाही. मधूनच कुठून तरी.

मग थांबून, पुन्हा.

टक्-टक्.

टक्.

तो टोल मागत होता.

भावाला घरी आणून सोडलं. आता त्याला स्वतःला यायचं होतं. तिने शब्द दिला होता.

"आर्वो," रेनो म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला. आणि हातोड्याकडे धावला.

डोरीनने तो आधी उचलला.

"दे इकडे."

"नाही."

"तो बाहेर आहे! दे, डोरीन! माझा भाऊ आहे तो, त्याला यायचंय!"

"चार उन्हाळे तो पाण्यात आहे, रेनो!" ती ओरडली. "काय येईल? सांग मला! वाजवलंस तर ह्या धक्क्यावर काय चढेल?"

रेनो थांबला.

टक्-टक्. टक्.

तिने दोन्ही हातांनी हातोडा पाण्यात भिरकावला. कड्यापलीकडे, जिथे तळ नाही तिथे.

त्यानंतर दोघं साउनाच्या पायरीवर बसून राहिले. आत जाऊन दार लावून घेतलं, तर ठोके भिंतीतून येत होते. म्हणून बाहेरच बसले. रेनोने कानांवर हात धरले होते. डोरीनने नाही. ती म्हणते, "मीच शब्द दिला होता, आई. निदान ऐकायला तरी हवं होतं."

ठोके थांबले नाहीत. धीराने येत होते. दर वेळी तेवढंच अंतर ठेवून. टोल येईल, आता येईल, असं धरून बसलेल्या माणसासारखे.

मग ते उजवीकडे सरकायला लागले.

दक्षिणेला.

अंतर कमी झालं. तिनाचे चार झाले, पाच झाले. मग मोजताच येईना. वल्हं नुसतं होडीवर बडवत होता, वेड्यासारखा, उत्तर मागत होता, आणि आवाज बारीक बारीक होत गेला...

आणि मग फक्त धबधबा.

लून ओरडला.

पहाटे वाल्फ्रिडने मला घरी आणून सोडलं. माझ्या अंगाला धुराचा वास होता आणि मी चांगल्या मनाने आले होते. कॉफीची सगळ्यांनी तारीफ केली होती. धुकं निघून गेलं होतं, तळं आरशासारखं पडलं होतं. पायरीवर दोघं एका घोंगडीत बसलेले.

मी म्हटलं, "काय गं, साउना विझू दिलीस? एवढं एक काम..."

आणि खांबाला आर्वोचा रूळ दिसला.

मी डोरीनला मारणार होते. हात उचलला होता. मग तिचे हात पाहिले. तळव्यांना कातडी उरली नव्हती.

तिने मला तिथेच सगळं सांगितलं. मी ऐकत धक्क्यावर त्या खांबापाशी गेले. रेनोचा रूळ कुठे पडला ते बघायला. खाली वाकले.

पाणी नितळ होतं. खाली पांढरी वाळू. वाळूवर रूळ.

पण लोखंड दिसत नव्हतं.

लाल चौकड्या दिसत होत्या.

रूळ सदऱ्यात गुंडाळलेला होता. नीट. कडा आत दुमडून. वर बाह्यांची गाठ.

सगळ्यांना वाटेल, सदरा वाऱ्याने उडाला, पाण्यात पडला, गुरफटला. वाटू दे. पण गाठ? ती जाळ्याची गाठ होती. डोरीनला ती येत नाही. रेनोला बुटाची गाठ नीट येत नाही. ती मला येते. माझ्या आईने मला शिकवली.

आणि एक आर्वोला यायची. लहानपणी मी जाळी दुरुस्त करायचे, तेव्हा तो मांडीला मांडी लावून बसायचा.

गेलेल्या माणसाचा रूळ गुंडाळतात तसा त्याने आपल्या भावाचा रूळ गुंडाळून ठेवला होता.

याचा अर्थ काय लावायचा? मी पुष्कळ लावून बघितला. 'आज हा जायचा होता, मी परत दिला,' असं सांगत होता का? की 'हाही माझाच, घ्यायचा राहिलाय,' असं?

ज्याला कळेल त्याने मला सांगावं. पाद्र्याला विचारू नका. त्याला मी विचारून झालंय. त्याने पाव खाल्ला आणि गेला.

त्या दोघांनी आठवड्याभरात तळं सोडलं. त्या रात्रीच्या कळा पहाटे थांबल्या होत्या, मुलगी दुलुथलाच झाली. रेनो आता पाण्यावर जात नाही. घरात मासा शिजवू देत नाही. वॉलायचे काचेसारखे डोळे त्याला बघवत नाहीत. पत्र येतं तेव्हा शेवटी एकच असतं: आई, तू तिथून निघ.

मी का निघू? माझं घर आहे.

तो रूळ अजून तिथेच आहे. वारा नसला की दिसतो. सदऱ्याचा रंग उडालेला नाही. बुडी मारून काढायला कुणी तयार होत नाही, आणि मी सांगतही नाही. आर्वोचा मी उतरवला. गुंडाळायला त्याचा सदरा नव्हता, म्हणून माझ्या शालीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला.

डोरीनने हात थांबवला ते बरोबर केलं. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. आयुष्यात एकदाच. ती त्याची भावजय. तिने तिचा माणूस आणला, पुढचं तिच्यावर नाही.

पण मी त्याची आई आहे.

उन्हाळ्यात धुकं पडतं. लून गप्प होतात. मी दार लावत नाही. खिडकीशी खुर्ची ओढून बसते. समोर भिंतीवर ती मोठी कढई टांगलेली असते, चुलीशी लोखंडी सळई असते, माळ्यावर तर तो आहेच.

आणि मग तळ्यावरून येतं...

टक्-टक्.

टक्.

दर वर्षी जरा जवळून.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरते आणि बसून राहते.